रोखता-जोखीम आणि पडत्या भावातील विक्रीचे सिद्धांत : भारतीय अनुभवाच्या प्रकाशात एक चिकित्सा

सारांश

बँका आणि गुंतवणूक फंड यांच्यावर एकाच वेळी पैसे परत मागणाऱ्यांची झुंबड उडाली की त्यांना आपली मालमत्ता मिळेल त्या भावाने विकावी लागते. अशा विक्रीने भाव आणखी कोसळतात आणि मुळात सुस्थितीत असलेल्या संस्थाही अडचणीत येतात. गेल्या चार दशकांत या प्रक्रियेविषयी महत्त्वाचे सिद्धांत मांडले गेले. प्रस्तुत लेखात त्यांतील प्रमुख मांडण्यांची चिकित्सा केली असून २००८ ते २०२३ या काळातील भारतीय घटनांच्या आधारे त्यांच्या मर्यादा दाखविल्या आहेत. हे सिद्धांत वाहत्या बाजाराच्या गृहीतावर उभे आहेत. भारतातील कर्जरोख्यांच्या बाजारात मात्र संकटकाळी भाव कोसळण्याआधी व्यवहारच थांबतो. त्यामुळे भावावरून जोखीम मोजणारी पद्धत येथे अपुरी ठरते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रोखता, पडत्या भावातील विक्री, संसर्ग, म्युच्युअल फंड, कर्जरोखे, अंतिम ऋणदाता.

१. प्रस्तावना

बँक आणि खुला म्युच्युअल फंड या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न संस्था आहेत. बँक ठेवीदाराला ठरलेली रक्कम परत करण्याचे वचन देते. फंड युनिटधारकाला त्या दिवसाच्या नक्त मालमत्ता मूल्यानुसार जे निघेल ते देतो. दोघांतही एक गोष्ट मात्र समान आहे. पैसे परत मागण्याचा हक्क तात्काळ असतो आणि त्या पैशांतून घेतलेली मालमत्ता मुदतीची असते. मुदतीतील ही तफावत हेच वित्तीय मध्यस्थीचे प्रयोजन आहे आणि तिच्यातील धोक्याचे मूळही तेच आहे.

या धोक्याला 'रोखता-जोखीम' म्हणतात. तिची दोन अंगे आहेत. देणी भागविण्यासाठी पैसा उभा न राहणे हे पहिले, आणि मालमत्ता वाजवी भावाने विकता न येणे हे दुसरे. ही दोन्ही अंगे एकमेकांना बळ देतात व त्यातून अधोगामी आवर्त निर्माण होते, हे मार्कस ब्रुनरमायर आणि लासे पेडरसन यांनी २००९ मध्ये दाखविले. 'अडला नारायण गाढवाचे पाय धरी' ही म्हण एका अडलेल्याची स्थिती सांगते. वित्तीय बाजारात अडलेले अनेक असतात, त्यांच्याजवळ विकायला एकाच जातीचा माल असतो, आणि एकाच्या विक्रीने दुसऱ्याच्या ताळेबंदातील त्याच मालाचे मूल्य उतरते. बाजारावर पडणारा हा भार विकणाऱ्याच्या हिशेबात कोठेच येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही 'बाह्यता' होय.

२. चिकित्सेची उद्दिष्टे

(१) रोखता-जोखीम आणि पडत्या भावातील विक्री यांविषयीच्या प्रमुख सिद्धांतांची गृहीते तपासणे. (२) भारतीय बाजाराच्या रचनेत ही गृहीते कितपत टिकतात याचा विचार करणे. (३) नियामकांनी योजलेल्या उपायांचे या दृष्टीने मूल्यमापन करणे.

विवेचन प्रकाशित संशोधन, नियामकांचे निर्णय व सर्वज्ञात घटना या दुय्यम सामग्रीवर आधारलेले आहे.

३. सिद्धांतांची वाटचाल

डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांचा १९८३ मधील निबंध हा या विचाराचा पाया मानला जातो. या कार्यासाठी बेन बर्नान्के यांच्यासह त्यांना २०२२ चे अर्थशास्त्रातील नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. आपल्याला पैसा केव्हा लागेल हे माणसाला आधी ठाऊक नसते. बँक या अनिश्चिततेविरुद्ध एक प्रकारचा विमा देते. पण त्यामुळेच दोन समतोल संभवतात. सर्वांचा विश्वास असेल तर गरजू तेवढे पैसे काढतात. विश्वास उडाला तर सर्वच धावतात आणि सुदृढ बँकही बुडते. ठेव-विमा किंवा रक्कम काढण्यास तात्पुरती स्थगिती हे त्यावरील उपाय होत.

या प्रतिमानाचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे, आणि त्याच्या मर्यादाही तेथूनच सुरू होतात. त्यात बँक एकच आहे. मुदतीआधी मालमत्ता मोडल्यास होणारे नुकसान हे उत्पादनतंत्राचा भाग म्हणून गृहीत धरले आहे. ती मालमत्ता कोण विकत घेतो व कोणत्या भावाने घेतो, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. परिणामी एका संस्थेचे संकट दुसऱ्या संस्थेपर्यंत कसे पोहोचते याचे उत्तर या प्रतिमानातून मिळत नाही.

ही उणीव आंद्रे श्लायफर आणि रॉबर्ट विश्नी यांनी १९९२ मध्ये भरून काढली. विशिष्ट उपयोगाची मालमत्ता त्याच व्यवसायातील लोकांना सर्वाधिक मोलाची असते. पण व्यवसायावरच संकट आले की हे स्वाभाविक ग्राहक स्वतःच कर्जात बुडालेले असतात. मग माल बाहेरच्या ग्राहकाकडे जातो आणि तो कमी भाव देतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे समजणे अवघड नाही. साखर कारखान्याची गाळपयंत्रे दुसऱ्या साखर कारखान्याखेरीज फारशी कोणाच्या उपयोगाची नसतात, आणि साखरेचे दर पडतात तेव्हा सगळेच कारखाने एकदम अडचणीत येतात. कर्जरोख्यांचेही तसेच आहे. एखाद्या मध्यम दर्जाच्या कंपनीचा रोखा समजून घेऊन विकत घेणारे फंड मोजके असतात, आणि पैसे परत मागणाऱ्यांची गर्दी त्या सर्वांच्या दारात एकदम होते.

जोशुआ कोव्हल आणि एरिक स्टॅफर्ड यांनी २००७ मध्ये अमेरिकी शेअर बाजाराच्या सामग्रीवरून या विचाराला अनुभवाधिष्ठित आधार दिला. ज्या फंडांतून मोठ्या प्रमाणात पैसा बाहेर गेला, त्यांच्याजवळ समाईक असलेल्या शेअर्सचे भाव आधी पडले आणि कालांतराने सावरले. भाव सावरले याचा अर्थ पडझड कंपनीच्या गुणवत्तेमुळे झाली नसून विक्रीच्या दाबामुळे झाली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. बँकांच्या बाबतीत रॉबिन ग्रीनवुड, ऑगस्टिन लँडिए आणि डेव्हिड थेस्मार यांनी २०१५ मध्ये असेच गणित मांडले. तोटा झालेली बँक आपले कर्ज-भांडवल प्रमाण पूर्ववत करण्यासाठी मालमत्ता विकते, त्या विक्रीने भाव पडतात आणि तीच मालमत्ता बाळगणाऱ्या इतर बँकांचे भांडवल घटते, असे हे प्रतिमान सांगते.

४. 'युनिट म्हणजे ठेव नव्हे' या समजुतीची परीक्षा

फंडांवर बँकेसारखी धाव होऊ शकत नाही, असे दीर्घकाळ मानले जात होते. या मताला सैद्धांतिक आधारही होता. चार्ल्स जॅकलिन यांनी १९८७ मध्ये दाखविले की डायमंड-डिबविग यांच्या चौकटीत बँक-ठेवीचे लाभ विक्रीयोग्य समभागांतूनही मिळू शकतात, आणि तेथे धावेचा धोका उरत नाही. ज्याला जेवढे मूल्य तेवढेच मिळते त्याने घाई का करावी, असा हा विचार.

ची चेन, इताय गोल्डस्टीन आणि वेई जियांग यांनी २०१० मध्ये या समजुतीतील दोष उघड केला. बाहेर पडणाऱ्याला त्या दिवसाचे मूल्य मिळते. त्याला पैसे देण्यासाठी करावी लागणारी विक्री मात्र पुढील दिवसांत होते आणि तिचा तोटा मागे राहिलेल्यांवर पडतो. म्हणून आधी निघणाऱ्याचा लाभ असतो. मालमत्ता जितकी कमी रोख, तितका हा लाभ मोठा. त्यांच्या निष्कर्षाचा दुसरा भाग असा की, मोठे संस्थात्मक गुंतवणूकदार असलेल्या फंडांत ही प्रवृत्ती सौम्य होते. कारण मोठ्या युनिटधारकाला आपल्याच बाहेर पडण्याचा परिणाम आपल्यालाच भोगावा लागेल हे कळते.

पहिला भाग भारताला तंतोतंत लागू पडतो. दुसरा भाग मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. भारतातील लिक्विड फंडांत मोठा पैसा कंपन्यांच्या कोषागारांचा असतो. आगाऊ कर भरण्याच्या जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांत तो बाहेर पडतो हे नित्याचे आहे. कोषागार अधिकाऱ्याला परताव्यापेक्षा मुद्दल सांभाळणे महत्त्वाचे असते आणि एक दिवसाचा विलंब त्याला परवडत नाही. येथे मोठा गुंतवणूकदार स्थैर्य आणीत नाही, तो सर्वांत आधी निघतो. अमेरिकेतही याचा प्रत्यय आला होता. लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेल्यानंतर १६ सप्टेंबर २००८ रोजी रिझर्व्ह प्रायमरी फंडाचे युनिटमूल्य १ डॉलरवरून ९७ सेंट झाले, तेव्हा मनी मार्केट फंडांतून प्रथम बाहेर पडले ते संस्थात्मक गुंतवणूकदारच. म्हणजे मोठेपणा हा निर्णायक घटक नाही. पैसा कोणत्या हेतूने ठेवला आहे, यावर वर्तन ठरते.

बँक आणि फंड यांना जोडणारे एक वर्तुळही भारतात तयार झाले होते. बँका आपला अल्पकालीन पैसा लिक्विड फंडांत ठेवीत आणि तेच फंड बँकांची ठेव प्रमाणपत्रे विकत घेत. रोखतेची चणचण आली की दोन्ही बाजू एकमेकींकडून एकाच वेळी पैसे मागणार हे उघड होते. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये अशा योजनांतील बँकांच्या गुंतवणुकीवर नक्त मत्तेच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली ती याच कारणाने. एका बँकेचा विचार करणाऱ्या प्रतिमानात असे वर्तुळ दिसण्याची शक्यताच नाही.

५. भाव पडणे आणि भावच नसणे

प्रस्तुत चिकित्सेचा मध्यवर्ती मुद्दा येथे येतो. कोव्हल-स्टॅफर्ड यांची पद्धत ज्या बाजारावर उभी आहे तेथे प्रत्येक दिवशी, प्रत्येक क्षणी भाव उपलब्ध असतो. विक्रीचा दाब आला की भाव पडतो, दाब सरला की सावरतो. संशोधकाला दोन्ही मोजता येतात. ही पद्धत शेअर बाजारातही निर्दोष नाही. तिच्यावर आधारलेल्या एका बहुप्रचलित मापनात शेअरचा परतावाच गणिताच्या ओघात मिसळला जातो, असे माल्कम वॉर्डलॉ यांनी २०२० मध्ये दाखवून दिले. ज्याने भावाचा परिणाम मोजायचा त्याच मापात भाव दडलेला असेल, तर निष्कर्षाला बळ राहत नाही.

भारतातील खासगी कर्जरोख्यांच्या बाजारात अडचण याहून मूलभूत आहे. येथील बहुसंख्य रोखे घेणारा मुदतीपर्यंत बाळगतो. दुय्यम बाजारात व्यवहार होतो तो प्रामुख्याने सर्वोच्च पतमापनाच्या रोख्यांत. खालच्या दर्जाच्या रोख्यांत दिवसेंदिवस एकही सौदा होत नाही, आणि फंडाचे दैनंदिन मूल्य मूल्यांकन संस्थांनी पुरविलेल्या अंदाजित भावांवर काढले जाते. संकटकाळी या बाजारात ग्राहकच नाहीसा होतो. जुन्या अंदाजावर काढलेले युनिटमूल्य कागदावर स्थिर दिसते. ते स्थिर दिसते म्हणूनच आधी बाहेर पडणाऱ्याला खऱ्या मूल्याहून अधिक मिळते आणि धावेला उत्तेजन मिळते. भावाच्या हालचालीवरून जोखीम मोजणाऱ्याला हा बाजार शांत वाटेल, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत धोकादायक असेल.

ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांच्या प्रतिमानालाही हाच आक्षेप लागू होतो. तोट्यानंतर बँका प्रमाणशीर विक्री करतात, हे त्यांचे गृहीत आहे. भारतीय बँकांच्या सरकारी रोख्यांचा मोठा हिस्सा मुदतीपर्यंत राखण्याच्या गटात असतो आणि कर्जे तर विकण्यासारखी नसतातच. त्यामुळे येथील बँक संकटात मालमत्ता विकण्याऐवजी नवे कर्ज देणे थांबवते व जुन्या कर्जाचे नूतनीकरण नाकारते. संसर्ग पसरतो तो या नकारामधून. म्हणून भारतासाठी संसर्गाचे गणित विक्रीच्या मार्गाबरोबर नूतनीकरणाच्या मार्गानेही मांडले गेले पाहिजे.

सप्टेंबर २०१८ मधील घटनाक्रम याचे उत्तम उदाहरण आहे. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत सर्वोच्च पतमापन लाभलेला आयएल अँड एफएस समूह देणी चुकवू लागला. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीचे अल्पमुदतीचे कागद एका फंडाने चढ्या व्याजदराने, म्हणजे उतरत्या भावाने, विकल्याची बातमी पसरली. कंपनीच्या एकूण कर्जाच्या तुलनेत ही विक्री क्षुल्लक होती, तरी त्या दिवशी तिचा शेअर ४० टक्क्यांहून अधिक घसरला. त्यानंतर बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांचे अल्पमुदतीचे कागद घेण्यास फंड कचरू लागले. गृहकर्जासारखी दीर्घ मुदतीची कर्जे तीन महिन्यांच्या कागदावर चालविणाऱ्या कंपन्यांसमोर नूतनीकरणाचा प्रश्न उभा राहिला. विक्री झाली थोडी. नकार आला मोठा.

६. रोखतेचा अभाव की मूल्याचा अभाव?

या सर्व साहित्यात एक गृहीत अबोलपणे वावरते. मालमत्तेचे एक 'खरे' मूल्य आहे, विक्रीचा भाव त्याखाली जातो, आणि या दोहोंतील अंतर म्हणजे पडत्या भावातील विक्रीचा तोटा, असे ते गृहीत आहे. घटना घडून गेल्यावर हे अंतर मोजता येते. निर्णय मात्र घटना घडत असताना घ्यायचा असतो.

तीन भारतीय प्रकरणे शेजारी ठेवली की ही अडचण स्पष्ट होते.

पहिले प्रकरण दिवाण हाउसिंगचेच. जून २०१९ मध्ये ही कंपनी देणी चुकली आणि वर्षअखेरीस तिच्यावर दिवाळखोरी संहितेनुसार कार्यवाही सुरू झाली. या संहितेखाली येणारी ती पहिली वित्तीय कंपनी. मग सप्टेंबर २०१८ मधील विक्रेता घाबरलेला होता की दूरदर्शी? बाजाराने आधीच दोष ओळखला, की बाजाराने पैसा रोखल्यामुळेच कंपनी बुडाली? दोन्ही उत्तरांना आधार आहे. सिद्धांताजवळ त्यांतून निवड करण्याचे साधन नाही.

दुसरे प्रकरण फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाचे. २३ एप्रिल २०२० रोजी त्याने सहा कर्जरोखे योजना गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला. या योजनांत २५ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम होती. त्यांत अल्प मुदतीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनाही होत्या, आणि त्यांची गुंतवणूक मोठ्या प्रमाणात सर्वोच्चपेक्षा खालच्या पतमापनाच्या रोख्यांत होती. पैसे परत मागणाऱ्यांना तोंड देण्यासाठी कर्जही काढलेले होते. फंडाचा युक्तिवाद असा की, टाळेबंदीच्या काळात रोखे मिळेल त्या भावाने विकण्यापेक्षा योजना थांबविणे युनिटधारकांच्या हिताचे आहे. पुढे हे प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात गेले; युनिटधारकांच्या बहुमताची संमती आवश्यक ठरली. फेब्रुवारी २०२१ पासून एसबीआय म्युच्युअल फंडामार्फत रक्कम वाटण्यास आरंभ झाला. २०२२ पर्यंत वाटलेली एकूण रक्कम योजना थांबविल्या त्या दिवशीच्या मालमत्तेहून अधिक भरली.

या निष्पत्तीवरून मालमत्ता मुळात ठीक होती, अभाव रोखतेचाच होता, असे म्हणता येते. परंतु म्हणून स्थगिती यशस्वी ठरली असे म्हणणे घाईचे होईल. पहिली रक्कम मिळेपर्यंत सुमारे दहा महिने गेले, आणि तो काळ साथीचा, उत्पन्न आटल्याचा होता. ज्या जोखमीविरुद्ध विमा म्हणून माणूस रोखता बाळगतो, ती जोखीम प्रत्यक्ष आली असता रोखता नव्हती. योजनांच्या व्यवस्थापनावर, विशेषतः रोख्यांची मुदत मोजण्याच्या पद्धतीवर, सेबीने जून २०२१ च्या आदेशात ठपका ठेवला, व त्याविरुद्ध फंडाने अपील केले. सिद्धांताच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब अशी की, स्थगितीने एका घरातील धाव थांबली आणि शेजारच्या घरांत सुरू झाली. एप्रिल २०२० या एका महिन्यात देशातील क्रेडिट रिस्क फंडांतून १९ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम निव्वळ बाहेर गेली. डायमंड-डिबविग यांच्या एकाकी बँकेत स्थगिती हा उपाय असतो. अनेक संस्थांच्या जगात तीच संसर्गाची वार्ता ठरते.

तिसरे प्रकरण मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे. २३ सप्टेंबर २०१९ च्या निर्देशांनी रिझर्व्ह बँकेने ठेवीदारांना सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. येथे प्रश्न रोखतेचा नव्हता. कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता आणि तो लपविला गेला होता. शाखांसमोर रांगा लावणारे ठेवीदार कोणत्याही सामूहिक भ्रमात नव्हते. त्यांची भीती वास्तव होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि ५ लाखांवरील ठेवी परत मिळण्यासाठी १० वर्षांपर्यंतची योजना आखली गेली. धाव म्हणजे विश्वासाचा अपघात, या विचारावर सर्वस्वी विसंबणारा अभ्यासक अशा ठेवीदारावर अन्याय करतो.

तीनही प्रकरणांत पहिल्या दिवसाचे दृश्य एकच होते : पैसे मागणारे अनेक आणि देण्यास पैसा नाही. त्यामागील कारणे मात्र तीन तऱ्हांची निघाली. रोखतेचा अभाव आणि मूल्याचा अभाव यांची काटेकोर विभागणी पुस्तकात करता येते. दाराशी रांग लागलेली असताना करता येत नाही.

७. उपायांचे मूल्यमापन

वॉल्टर बॅजहॉट यांनी १८७३ मध्ये सांगितलेला मार्ग असा की, मध्यवर्ती बँकेने संकटकाळी चांगल्या तारणावर, चढ्या दराने, मुक्तहस्ते कर्ज द्यावे. भारतात म्युच्युअल फंडांसाठी असे साहाय्य तीनदा द्यावे लागले : ऑक्टोबर २००८ मध्ये २०,००० कोटी, जुलै २०१३ मध्ये २५,००० कोटी आणि २७ एप्रिल २०२० रोजी ५०,००० कोटी रुपयांची खिडकी. तिन्ही वेळा पैसा फंडांना थेट न देता बँकांमार्फत देण्याची व्यवस्था होती. यातच तिची मर्यादा आहे. रोख्याची पतजोखीम बँकेने उचलायची, आणि बँक तर जोखीम टाळण्याच्या मनःस्थितीत. त्यामुळे २०२० मध्ये खिडकीच्या घोषणेने धीर आला, पण प्रत्यक्ष उचल तरतुदीच्या मानाने अल्प राहिली. खालच्या दर्जाच्या रोख्याला ग्राहक मिळण्याचा प्रश्न तसाच राहिला.

अन्य देशांत मध्यवर्ती बँकांनी वेगळा मार्ग धरला. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमधील अर्थसंकल्पीय घोषणांनंतर दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे भाव कोसळले आणि निवृत्तिवेतन निधींशी संबंधित कर्जाधारित फंडांना सक्तीची विक्री करावी लागली. बँक ऑफ इंग्लंड स्वतः ग्राहक झाली. ६५ अब्ज पौंडांपर्यंत खरेदीची तयारी दाखवून प्रत्यक्षात १९.३ अब्ज पौंडांची खरेदी पुरेशी ठरली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेने रोखे विकून झालेला तोटा जाहीर केला, दुसऱ्या दिवशी ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी बाहेर गेल्या आणि त्यानंतरच्या दिवशी बँक बंद झाली. तेव्हा फेडरल रिझर्व्हने रोख्यांच्या बाजारभावाऐवजी दर्शनी मूल्यावर कर्ज देऊ केले. दोन्ही ठिकाणी तारण सरकारी वा तत्सम रोख्यांचे होते, हे विसरता कामा नये. खासगी, कमी दर्जाच्या रोख्यांबाबत असे औदार्य दाखविणे म्हणजे चुकीच्या गुंतवणुकीचे ओझे सार्वजनिक खजिन्यावर टाकणे होय.

सेबीने केलेल्या सुधारणांची दिशा योग्य आहे. खुल्या कर्जरोखे योजनांना किमान १० टक्के रोख स्वरूपाची मालमत्ता ठेवण्याचे बंधन घालण्यात आले. दोषी रोखे वेगळे काढण्याची सोय २०१८ मध्ये आली. २०२२ मध्ये बाजार विस्कळीत झाल्यास युनिटमूल्य खाली सरकविण्याची तरतूद लागू झाली. ही शेवटची तरतूद चेन-गोल्डस्टीन-जियांग यांच्या विचाराशी थेट जुळते, कारण बाहेर पडण्याची किंमत बाहेर पडणाऱ्याकडूनच वसूल होते. २ लाख रुपयांपर्यंतच्या मागणीला तिच्यातून वगळले आहे. लहान गुंतवणूकदाराचा हा विचार स्वागतार्ह आहे. तथापि मूल्य किती सरकवायचे हे ठरविण्यासाठीही भाव लागतो, आणि भावच नसणे हीच येथील मूळ व्याधी आहे.

त्या व्याधीवर थेट इलाज करण्याचा प्रयत्न म्हणजे जुलै २०२३ मध्ये सुरू झालेला कर्जरोखे बाजार विकास निधी. संकटकाळी गुंतवणूक-दर्जाचे रोखे विकत घेण्यासाठी योजनांच्या वर्गणीतून तो उभारला असून सरकारी हमीच्या आधारे ३०,००० कोटी रुपयांपर्यंत कर्ज उभारण्याची त्याला मुभा आहे. भाव नसलेल्या बाजारात ग्राहक निर्माण करणे ही कल्पना श्लायफर-विश्नी यांच्या विश्लेषणाला धरून आहे. परंतु हा निधी कोणत्या भावाने खरेदी करतो, यावर सर्व काही अवलंबून राहील. भाव फार उदार असेल तर फंड बेफिकीर होतील. फार कंजूष असेल तर निधी हाच नवा 'बाहेरचा ग्राहक' ठरेल.

बँकांसाठीच्या रोखता आच्छादन प्रमाणाबाबत चार्ल्स गुडहार्ट यांच्या टॅक्सीच्या दृष्टांताची आठवण होते. स्थानकावर सदैव एक टॅक्सी उभी असलीच पाहिजे असा नियम केला, तर शेवटच्या टॅक्सीला प्रवासी घेताच येत नाही. राखीव रोखता संकटात वापरता येणार नसेल तर ती असून नसल्यासारखी. भारतात २०१९ पर्यंत १०० टक्क्यांवर नेलेले हे प्रमाण रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये ८० टक्क्यांवर आणले व पुढील वर्षभरात टप्प्याने पूर्ववत केले. नियमाचा हेतू ओळखून केलेला हा बदल अनुकरणीय होता.

८. निष्कर्ष

(१) डायमंड-डिबविग यांचे प्रतिमान धावेची यंत्रणा समजावते. संसर्गाची यंत्रणा समजण्यासाठी मालमत्तेच्या ग्राहकाचा विचार अपरिहार्य आहे.

(२) फंडावर धाव होत नाही ही समजूत सिद्धांत व अनुभव या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही. मोठा गुंतवणूकदार स्थैर्य आणतो, हा निष्कर्ष कंपन्यांच्या अल्पकालीन पैशाबाबत लागू होत नाही.

(३) अल्प व्यवहारांच्या बाजारात संसर्ग विक्रीपेक्षा नूतनीकरणाच्या नकारातून अधिक पसरतो. म्हणून भावाधारित मापनाला व्यवहारांची संख्या आणि नूतनीकरणाचे प्रमाण यांची जोड दिली पाहिजे.

(४) रोखतेचा अभाव व मूल्याचा अभाव यांची विभागणी संकटाच्या वेळी करता येत नाही. त्यामुळे नियमन ती विभागणी करता येईल या भरवशावर उभे नसावे; मुदतीतील तफावत आधीच मर्यादित ठेवणे अधिक सुरक्षित आहे. ज्या रोख्यांना रोज ग्राहक नाही, त्यांच्यावर रोज पैसे परत देण्याचे वचन दिले जाऊ नये.

या प्रश्नाचे अंतिम मोजमाप केवळ निर्देशांकांच्या चढउतारात होत नाही. रोखतेचे वचन मोडते तेव्हा त्याची झळ ज्याला वाट पाहणे परवडत नाही त्यालाच सर्वाधिक लागते. निवृत्तीची पुंजी 'अल्प मुदतीची' म्हणून ठेवणारा युनिटधारक आणि सहकारी बँकेतील ठेवीदार यांच्याजवळ सर्वांआधी बाहेर पडण्याइतकी माहिती नसते. आधी निघणाऱ्याचा लाभ म्हणजे मागे राहणाऱ्याचा तोटा, आणि मागे राहणारा बहुधा तोच असतो. रोखतेच्या सिद्धांताने आपल्या समीकरणांत या मागे राहणाऱ्याला स्थान दिले, तरच त्यातून निघणारे धोरण न्याय्य ठरू शकेल.